सौदा आणि वजावट

नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला तेव्हापासून 1854 साली तो मुलूख इंग्रजांच्या हाती जाईपर्यंत, आणि पुढे शाळा, कचेऱ्या व रेल्वे यांच्या निमित्ताने, जी मराठी कुटुंबे रायपुरात येऊन स्थायिक झाली, त्यांची जुनी बिऱ्हाडे तात्यापाऱ्यात आणि महामायेच्या देवळाभोवती पसरलेल्या पुरानी बस्तीच्या आसमंतात होती. पैसा शिल्लक पडलाच तर तो पोस्टात, विम्यात नाहीतर सदर बाजारातल्या सराफाकडे जावा, हा तिथल्या नोकरदार मध्यमवर्गाचा सर्वसाधारण रिवाज होता. रायपुरास स्वतःचा शेअरबाजार कधीच नव्हता. जुन्या मध्य प्रदेशाचा जो होता तो इंदुरास. तेव्हा ज्या कोणास शेअर घेण्याची हौस असे, त्याने दलालास फोन करावा, दलालाने मुंबईस कळवावे, आणि कागदी प्रमाणपत्र टपालाने हाती पडेपर्यंत भावाने कोणते वळण घेतले असेल याची चिंता करीत बसावे, असा तो विलंबाचा मामला होता. नोव्हेंबर 1994 मध्ये राष्ट्रीय शेअरबाजाराने पडद्यावरचे समभाग-सौदे सुरू केले, दोन वर्षांनी कागदाची जागा डीमॅट खात्याने घेतली, आणि आज पुरानी बस्तीच्या गल्लीतून मोबाइलवर दिलेली ऑर्डर मलबार हिलवरच्या ऑर्डरीच्याच रांगेत जाऊन उभी राहते.

ही रांग कशी चालते हे मात्र सौदा करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. सकाळी भाव पाहून घ्यायचे आणि दुपारी साडेतीनच्या आत विकून मोकळे व्हायचे हा इंट्राडे, काही दिवस वा आठवडे धरून ठेवायचे हा स्विंग, आज घेऊन उद्या विकायचे हा त्यांच्या मधला प्रकार. त्या प्रत्येकाच्या युक्त्या सांगणाऱ्या पुस्तकांचा व शिकवण्यांचा हल्ली सुकाळ आहे, आणि त्या साऱ्यांचा रोख ‘भाव वर जाईल की खाली’ ह्या एकाच प्रश्नावर असतो. माझ्या मते छोटा सौदेकरी ह्या प्रश्नाच्या उत्तरात जितका चुकतो, तितकाच, किंबहुना अधिकच, तो अंदाज आणि खातेवही यांच्या मधल्या वाटेवर नागवला जातो. छत्तीसगडातून धान्य घेऊन निघालेल्या बंजाऱ्यांच्या तांड्याला नाक्यानाक्यावर जकात मोजावी लागे, आणि माल कितीही चांगला असला तरी मुक्कामी उरलेली रक्कमच त्याच्या व्यापाराचे खरे माप ठरे; अल्पकालीन सौद्याचेही तसेच आहे.

पहिला नाका ऑर्डरीचाच. समजा, पडद्यावर एका शेअरचा शेवटचा भाव 250 रुपये दिसतो आणि आपल्याला 200 शेअर हवे आहेत. त्या क्षणी विकणाऱ्यांच्या बाजूस 250.05 ला 40, 250.20 ला 60 आणि 250.50 ला 100 शेअर उभे असतील, तर ‘मार्केट ऑर्डर’ देणाऱ्याच्या पदरी ते सरासरी 250.32 रुपयांस पडतात. म्हणजे पडद्यावरच्या भावापेक्षा 64 रुपये अधिक, आणि हे कोणत्याही पावतीवर खर्च म्हणून लिहिलेले नसतात. ‘लिमिट ऑर्डर’ देणारा आपला भाव आधी ठरवतो व त्याहून एक पैसाही जास्त देत नाही. पण मग त्यास रांगेत थांबावे लागते, कारण बाजाराचा नियम असा की चांगला भाव देणाऱ्यास अग्रक्रम, आणि भाव सारखा असेल तर जो आधी आला त्यास. ज्या कंपनीचे शेअर तुरळक विकले जातात तिच्या बाबतीत मार्केट ऑर्डर देणे म्हणजे किंमत ठरवण्याचा अधिकार समोरच्यास बहाल करणे होय.

‘स्टॉपलॉस’विषयी तर विलक्षण गैरसमज आहेत. ठरावीक भावाला आपोआप विक्री होऊन नुकसानास बांध पडेल, अशी लोकांची खात्री असते. वस्तुतः तो भाव आला की ऑर्डर केवळ जागी होते, आणि जागी झालेल्या ऑर्डरीस गिऱ्हाईक मिळेलच याची हमी कोणी दिलेली नसते. रायपूरजवळच्या सिलतरा व उरला येथील पोलाद कारखान्यांमुळे पोलादाच्या शेअरविषयी तिथल्या लोकांस स्वाभाविक आपुलकी आहे, आणि ह्याच शेअरांनी हा धडा एकदा कठोरपणे दिला. शनिवार 21 मे 2022 च्या संध्याकाळी केंद्र सरकारने पोलादाच्या अनेक प्रकारांवर 15 टक्के आणि लोहखनिजाच्या पेलेटवर 45 टक्के निर्यातशुल्क बसवल्याचे जाहीर केले. सोमवारी बाजार उघडला तो शुक्रवारच्या बंद भावापासून नव्हे, तर कित्येक टक्के खालून. टाटा स्टीलसारखा भारदस्त शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून अधिक कोसळला. शुक्रवारच्या भावापेक्षा दोन टक्के खाली स्टॉपलॉस लावण्याचा ज्यांचा शिरस्ता, त्यांचा तो भाव सोमवारी आलाच नाही. भावाने त्याच्यावरून उडी मारली. ज्यांनी स्टॉपलॉसला लिमिट जोडलेली होती त्यांची विक्री झालीच नाही, आणि ज्यांनी जोडलेली नव्हती त्यांची जो मिळाला त्या भावाने झाली. रात्रभर शेअर जवळ ठेवणाऱ्याने हा धोका पत्करलेलाच असतो, त्यास कोणतीही ऑर्डर निवारू शकत नाही. तो निवारण्याचा उपाय एकच, मुळात शेअर कमी घेणे, आणि हा उपाय कोणत्याही शिकवणीत फारसा लोकप्रिय नाही.

आता दुसरा नाका, पावतीवरचा. तोच 250 रुपयांचा शेअर, 200 नग, इंट्राडे. 251 ला विकला. नफा 200 रुपये झाला असे मोबाइल सांगतो. सवलतीच्या दलालाची दलाली 0.03 टक्के धरली तर दोन्ही बाजूंची मिळून सुमारे 30 रुपये, विक्रीवर 0.025 टक्के सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजे साडेबारा, बाजाराचे शुल्क सुमारे तीन, दलाली व शुल्क यांवर 18 टक्के जीएसटीचे सहा, मुद्रांक दीड. बेरीज सुमारे 53 रुपये, हातात उरले 147. उलट एक रुपयाने भाव घसरला तर नुकसान 200 नव्हे, 253. नफा आणि तोटा प्रत्येकी रुपयाचाच धरणारा सौदेकरी शंभरांपैकी पन्नास वेळा अचूक ठरला तरी तो तोट्यातच राहतो. केवळ बरोबरी साधण्यासाठी त्याचा अंदाज 63-64 वेळा खरा ठरला पाहिजे. एवढी अचूकता अंगी असलेली माणसे फार नसतात. निदान मला तरी भेटलेली नाहीत. त्यातच इंट्राडेसाठी दलाल पाचपटीपर्यंत उधारीची ताकद देतात, आणि उधारीने नफा-तोट्याबरोबर हा खर्चही पाचपट होतो, हे विसरले जाते.

शेअरबाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसते: 2022-23 ह्या वर्षी रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या, आणि तोट्यात गेलेल्यांनी त्या तोट्याच्या 57 टक्के एवढी आणखी रक्कम सौद्यांच्या खर्चापायी घालवली होती. वर्षाला पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत तोटा होणाऱ्यांचे प्रमाण 80 टक्के. वायदे व ऑप्शन यांची अवस्था याहून वाईट: 2021-22 पासूनच्या तीन वर्षांत शंभरांपैकी 93 वैयक्तिक सौदेकरी नुकसानीत गेले. अनुभवाने शहाणपण येते हे इथे सौद्यांच्या संख्येवरून तरी सिद्ध होत नाही.

तिसरा नाका प्राप्तिकराचा, आणि तो वर्षाअखेर लागत असल्यामुळे त्याची आठवण सर्वांत उशिरा होते. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरवरच्या नफ्यास 23 जुलै 2024 पासून 20 टक्के कर आहे. पूर्वी तो 15 होता. प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मिळणारी सूट ह्या खास दराच्या करास लागू पडत नाही, हे अनेकांना नोटीस आल्यावर कळते. शिवाय शेअर घरी घेऊन विकणाऱ्यास सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स खरेदीवर व विक्रीवर प्रत्येकी 0.1 टक्का लागतो आणि तो भांडवली नफ्यातून वजा करता येत नाही. वरचाच सौदा चार दिवसांनी पुरा केला तर ह्या एका कराचेच शंभर रुपये गेले. मुद्रांक, डिपॉझिटरीचे शुल्क आणि 20 टक्के कर धरून 200 रुपयांतले पन्नासच्या आतच उरतात. रुपया-दोन रुपयांच्या आशेने ‘स्विंग’ करणे म्हणूनच मला वेडेपणाचे वाटते. तिथे भावाला चालण्यास चांगले अंतर असले पाहिजे.

इंट्राडेचा नफा मात्र भांडवली मानला जात नाही. कायद्याच्या लेखी तो सट्ट्याचा धंदा. तो आपल्या एकूण उत्पन्नात मिळून नेहमीच्या टप्प्यांनी करपात्र होतो, पण धंदा असल्यामुळे दलाली, इंटरनेट, आणि भांडवली नफ्यात नाकारलेला तो सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्ससुद्धा, खर्चाच्या बाजूस लिहिता येतो. सट्ट्याचा तोटा सट्ट्याच्याच नफ्यातून वळता होतो, आणि चार वर्षे पुढे नेता येतो. वायदे-ऑप्शनचा तोटा बिगर-सट्ट्याच्या धंद्याचा. तो पगार सोडून इतर उत्पन्नाशी वळता करता येतो आणि आठ वर्षे टिकतो. नोकरदाराने जी साधी विवरणपत्रे भरायची असतात ती ह्या धंद्यास चालत नाहीत. आयटीआर-3 हा लांबलचक नमुनाच भरावा लागतो. ‘यंदा तोटाच झाला, मग विवरणपत्र कशाला’ असे म्हणून जो मुदत चुकवतो, तो ह्या पुढे नेण्याच्या हक्कासच मुकतो. उलट ज्याचा वर्षाचा कर, पगारातून कापलेला वजा जाता, दहा हजारांवर जाणार असेल, त्याने जूनच्या पंधरा तारखेपासून चार हप्त्यांनी आगाऊ कर न भरल्यास त्यावर व्याज चढते.