लेकरू हट्टी नाही, झोपलेलं नाही

ऑक्टोबरात सोयाबीनची रास सुरू झाली की कळंबपासून उमरग्यापर्यंत मळणीयंत्राचा भुसा उडतो. बांधावर गाजरगवत फुललेलं असतंच. पुण्यात १९५०च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आता धाराशिवच्या शिवारातही हटत नाही. त्याच्या परागाने नाक गळतं, अंग खाजतं. हे सगळ्यांना दिसतं, पण लेकराच्या चिडचिडीशी त्याचा संबंध कुणी लावत नाही.

गैरसमज : लेकरू मुळातच हट्टी आहे.
नाक चोंदलेलं किंवा रात्रभर खाजवणारं लेकरू नीट झोपत नाही. झोप मोडली की मोठी माणसं मरगळतात. लहानांचं बऱ्याचदा उलट होतं : चुळबुळ, रडारड, अंगावर धावणं. गुरुजी म्हणतात, चंचल आहे. त्यात औषधांची भर. क्लोरफेनिरामाइन असलेलं सर्दीचं जुनं सिरप गुंगी आणतं, मग वर्गात लक्ष कुठून लागणार? आपल्याकडे लिव्होसेटिरिझिनच्या जोडीने सर्रास दिल्या जाणाऱ्या माँटेलुकास्टवर तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली सर्वांत कडक इशारा छापायला लावला : वाईट स्वप्नं, चिडखोरपणा, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार. सगळ्यांना असं होत नाही. पण औषध सुरू झाल्यावर लेकरू बदललं असेल, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

गैरसमज : दमा मनाचा असतो आणि पंपाची सवय लागते.
दम्यात श्वासनलिका खरोखर सुजतात, आकसतात. रडण्याने, भीतीने झटका वाढतो, एवढाच मनाचा संबंध. पंपाचं व्यसन लागत नाही. औषध थेट फुप्फुसात जात असल्यामुळे मात्राही कमी पुरते. लागते ती लाज. पंप दप्तराच्या तळाशी लपवणारं लेकरू धाप लागेपर्यंत तो काढत नाही.

गैरसमज : थोडं थोडं खाऊ घातलं की सवय होते.
दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला कुंथलगिरीचा पेढा ‘प्रसाद आहे, एवढ्याने काय होतंय’ म्हणून देऊ नका. दूध आटून खवा झाला तरी त्यातलं केसीन हे त्रास देणारं प्रथिन टिकतं. असली सवय तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच लावतात, घरी नाही. आणि अ‍ॅलर्जी असलेल्या मित्राच्या डब्यात गंमत म्हणून शेंगदाण्याची चटणी मिसळणं ही खोडी नव्हे. ते जिवावर बेतू शकतं. ओठ सुजले, श्वास अडला, तर १०८ला फोन करा.

काही आया घाबरून लेकराला वाढदिवसाला, जत्रेलाही पाठवत नाहीत. ते एकटं पडतं, शिवाय आईची भीती उचलतं. काय खायचं नाही हे त्यालाच शिकवा, गुरुजींना सांगा आणि जाऊ द्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी खाज दाखवाच, झोपेचंही बोला. भीती, उदासी जात नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस, मोफत चालू असतो.