‘ब्लू’ : जंत्रीच्या पलीकडे

जोनी मिशेल या कॅनडात जन्मलेल्या गायिकेचा ‘ब्लू’ हा अल्बम जून १९७१ मध्ये निघाला. १० गाणी, जेमतेम ३६ मिनिटं. शब्द आणि चाली त्यांच्याच. त्यावर लिहिणारे बहुतेक जण ‘आत्मकथनात्मक’ या शब्दापाशी थांबतात. ग्रॅहम नॅशशी तुटलेलं नातं, क्रीट बेटावरच्या मटाला गावातला मुक्काम, जेम्स टेलर... कोणतं गाणं कोणावर, याची जंत्री तयारच असते. मला ती अपुरी वाटते, आणि पुरावा अल्बममध्येच आहे.

‘लिटल ग्रीन’ घ्या. १९६५ मध्ये, लग्न झालेलं नाही, हाती पैसा नाही, अशा अवस्थेत मिशेल यांना मुलगी झाली. ती त्यांनी दत्तक दिली. हे गाणं तिचं आहे. पण ही हकिगत जगजाहीर झाली १९९०च्या दशकात. मायलेकी भेटल्या १९९७ मध्ये. म्हणजे वीसेक वर्षं बहुतेक श्रोत्यांना या गाण्यामागचं काहीच ठाऊक नव्हतं. ‘रोलिंग स्टोन’च्या तेव्हाच्या परीक्षणात तर ते चक्क दुर्बोध ठरलं होतं. तरीही ते मनात घर करून राहिलं. चरित्र माहीत नसताना जे हलवतं, ते चरित्र कसं असेल?

माझ्या मते ते स्वरांत आहे. मिशेल यांना नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा हात दुबळा राहिला. गिटारचे नेहमीचे कॉर्ड धरणं अवघड, म्हणून त्या तारा वेगळ्याच सुरांत लावू लागल्या. त्यातून असे कॉर्ड निघाले, की ते धड आनंदी नाहीत, धड उदासही नाहीत. त्या स्वतः त्यांना प्रश्नार्थक म्हणत. आपल्या परिभाषेत सांगायचं, तर षड्जावर न्यास होणार असं वाटतं आणि गाणं अलीकडेच रेंगाळतं. चार गाण्यांत मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं डल्सिमर आहे. त्याच्या काही तारा एकच आधारस्वर धरून असतात, त्यामुळे तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला ते परकं वाटत नाही. (साम्य इथवरच, ओढूनताणून पुढे नेऊ नये.)

‘रिव्हर’मध्ये पियानोवर ‘जिंगल बेल्स’ची धून येते, पण मंदावलेली, झाकोळलेली. सगळीकडे सणाची लगबग आणि एकीला तिथून निघून जायचंय. परगावी एकट्यानं दिवाळी काढलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. गंमत म्हणजे हे गाणं आता नाताळची गाणी म्हणून लावल्या जाणाऱ्यांत जाऊन बसलंय.

शीर्षकाचा रंग मात्र आपल्या भाषेत तसाच उतरत नाही. निळा म्हटलं की आपल्याला कृष्ण आठवतो. इंग्रजीत त्याच शब्दात उदासी मुरलेली आहे.

‘अ केस ऑफ यू’ मिशेल यांनी २००० मध्ये वाद्यवृंदासह पुन्हा गायलं. तोवर आवाज पार खाली उतरला होता. २०१५ मध्ये मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकारानंतर त्यांना बोलणं-चालणंही नव्यानं शिकावं लागलं. जुलै २०२२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात खुर्चीत बसून त्यांनी हेच गाणं पुन्हा गायलं. १९७१ची ती उंच, पातळ तान त्यात नव्हती. ते ध्वनिचित्रण मी पाहिलं, तेव्हा यातल्या कोणत्या ओळीमागे कोण होतं, हे एकदाही मनात आलं नाही.