वेशीवरचा एक तास

समजा, जानेवारीतल्या एका सकाळी तुम्ही स्वीडनच्या ईशान्य टोकाला, हापारांडा गावात उभे आहात. मनगटावर साडेअकरा वाजलेत. पूर्वेकडे चालायला लागा. कुणी अडवत नाही, पासपोर्ट मागत नाही. पंधरा मिनिटांत तुम्ही फिनलंडच्या टोर्निओ गावात पोचता, आणि तिथल्या घड्याळांत पावणेएक वाजलेले असतात. मधला तास गेला कुठे? परत फिरा, तो जसाच्या तसा मिळेल.

वेळेच्या सीमा जगात पुष्कळ आहेत, पण बहुतेक समुद्रातून, डोंगरातून किंवा ओसाड माळावरून जातात. तिथे त्या कुणाला जाणवतही नाहीत. इथे मात्र ती जवळजवळ एकच झालेल्या वस्तीच्या मधून गेली आहे. अलीकडे क्रोना, पलीकडे युरो. अलीकडे स्वीडिश पाट्या, पलीकडे फिनिश. सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प दोघांत एक, घड्याळं मात्र दोन.

मग बरोबर कुणाचं? सूर्यालाच विचारू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. टोर्निओ ग्रिनिचच्या पूर्वेला २४.१५ अंशांवर आहे. गुणाकार केला की उत्तर येतं १ तास ३७ मिनिटं. सूर्याच्या हिशेबाने या गावांनी ग्रिनिचच्या तेवढं पुढे असायला हवं. स्वीडनचं घड्याळ हिवाळ्यात १ तास पुढे असतं, फिनलंडचं २ तास. म्हणजे एक ३७ मिनिटं मागे, दुसरं २३ मिनिटं पुढे. सूर्य माथ्यावर येतो तेव्हा हापारांडात बारा वाजायचे असतात आणि टोर्निओत वाजून गेलेले असतात. दोघंही चूक! आणि सूर्याच्या दृष्टीने या दोन गावांत खरा फरक किती? जेमतेम काही सेकंदांचा.

आणि हे काही सेकंदसुद्धा इतक्या उत्तरेला असल्यामुळेच; विषुववृत्ताकडे तेवढ्याच अंतरात ते आणखी कमी भरले असते. मुंबईच्या अक्षांशावर सूर्याचं एक मिनिट म्हणजे पूर्व-पश्चिम सुमारे २६ किलोमीटर. टोर्निओत तेच मिनिट ११ किलोमीटरांत संपतं. फिरता भोवरा आठवा: त्याचा फुगीर भाग भरभर धावतो आणि आरेजवळचा जागच्या जागी फिरल्यासारखा वाटतो. पृथ्वीचंही तसंच. विषुववृत्तावरची जमीन ताशी १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेला पळते, टोर्निओतली फक्त ६८० च्या आसपास. प्रवासी जेट विमान याहून वेगवान असतं. म्हणजे या अक्षांशावरून तुम्ही दुपारी पश्चिमेला उड्डाण केलंत, तर सूर्य पश्चिमेकडे कलण्याऐवजी हळूहळू पुन्हा वर चढताना दिसेल!

बरं, ही वेळेची रेघ नेमकी इथेच का? याचं उत्तर आकाशात नाही, तहाच्या कागदांत आहे. टोर्निओ वसवलं स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याने, १६२१ मध्ये, टोर्ने नदीतल्या एका बेटावर. त्या काळी फिनलंडही स्वीडनचाच भाग होता, त्यामुळे नदीच्या दोन्ही काठांवर एकच राज्य. १८०९ मध्ये स्वीडन रशियाशी युद्ध हरला आणि फिनलंड झारकडे गेला. सीमा नदीच्या प्रवाहातून आखायची ठरली. पण टोर्निओचं बेट मुख्य प्रवाहाच्या पश्चिमेला, म्हणजे स्वीडनच्या अंगाला होतं. नियमाने ते स्वीडनला मिळायचं. झार अलेक्झांडरला ते भरभराटीचं व्यापारी गाव हवं होतं, म्हणून रेघेला तिथेच बाक दिला आणि गाव घेतलं. बाजारपेठ गमावलेल्या स्वीडनने मग समोरच नवं गाव उभारलं, ते हापारांडा. नकाशावरचा एवढासा बाक, पण आज लोक त्याला वळसा न घालता सरळ पायी ओलांडतात आणि एक तास पुढेमागे होतात.

त्यात निसर्गानेही भर घातली. हिमयुगात इथल्या जमिनीवर किलोमीटरांत मोजावा इतका जाड बर्फाचा थर होता. त्या वजनाने जमीन खाली दबली होती. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली तरी ती अजून वर येतेच आहे, वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर! त्यामुळे बेटाच्या पश्चिमेचा फाटा उथळ होत होत पाणथळ झाला. नावेतून ओलांडावी लागणारी सीमा चपला न भिजवता ओलांडता येऊ लागली.

सुरुवातीला दोन घड्याळांतला हा फरक पूर्ण तासाचा नव्हताच. स्वीडनने १८७९ मध्ये देशभर एक वेळ लागू केली, ती ग्रिनिचपेक्षा १ तास १४ सेकंद पुढे होती. ते १४ सेकंद १९०० मध्ये पुसले गेले. फिनलंड हेलसिंकीच्या सूर्यावर चालायचा: १ तास ३९ मिनिटं ४९ सेकंद. आता टोर्निओच्या १ तास ३७ मिनिटांशी ताडून पाहा. गावाचं घड्याळ आणि डोक्यावरचा सूर्य यांत जेमतेम तीन मिनिटांचा फरक उरत होता! १९२१ च्या मे महिन्यात फिनलंडने पूर्ण दोन तासांची वेळ घेतली आणि हे छान जुळलेलं गणित मोडलं. जगाला सोयीचे गोल आकडे हवे होते.

दोन देशांच्या घड्याळांतल्या फरकाचा हा ३९ मिनिटांचा आकडा मुंबईकरांच्या आजी-आजोबांनाही ओळखीचा वाटला असता. १९०६ च्या १ जानेवारीपासून भारताची प्रमाणवेळ आली, रेल्वे तिच्यावर चालू लागली, पण मुंबई शहराने आपली मुंबईची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. ती प्रमाणवेळेपेक्षा बरोबर ३९ मिनिटं मागे होती. म्हणजे १९०६ ते १९२१ या काळात उत्तर ध्रुववृत्तालगतच्या दोन खेड्यावजा गावांत आणि अरबी समुद्रावरच्या आपल्या महानगरात लोक जवळजवळ एकसारखाच हिशेब करत होते! त्या दोन गावांत निदान देशाची सीमा तरी होती. मुंबईत एकाच स्टेशनाच्या आत एक वेळ आणि बाहेर दुसरी.

जून उजाडला की मामला आणखी रंगतो. ही गावं ध्रुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहेत, तेव्हा नियमाने इथे मध्यरात्रीचा सूर्य दिसायला नको. पण क्षितिजालगत हवा प्रकाशकिरणांना वाकवते आणि सूर्यबिंब असतं त्याहून वर उचलून दाखवते. त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात काही रात्री सूर्य पुरता बुडतच नाही. हा चमत्कार पाहायला १६९४ मध्ये खुद्द राजा अकरावा कार्ल टोर्निओला आला होता. दुसऱ्या वर्षी त्याने अभ्यासकांनाही धाडलं. पण हा मध्यरात्रीचा सूर्य किती वाजता दिसतो? उन्हाळ्यात दोन्ही घड्याळं आणखी एक तास पुढे जातात, त्यामुळे सूर्य सर्वांत खाली असतो तेव्हा हापारांडात १२ वाजून २५ मिनिटं झालेली असतात आणि टोर्निओत १ वाजून २५. टोर्निओत बाराच्या ठोक्याला बाहेर पडलात तर तुम्ही जवळजवळ दीड तास लवकर आलात!

या उजेडात लोक रात्री गोल्फ खेळतात. टोर्निओचं १८ छिद्रांचं मैदान दोन्ही देशांत पसरलं आहे. स्वीडनमधून रात्री अकराला टोलवलेला चेंडू काही सेकंदांत फिनलंडमध्ये पडतो, तेव्हा तिथे बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे तारीखही बदलली! उलट दिशेने मारलात तर चेंडू मारण्याच्या जवळपास तासभर आधीच खाली पडतो. नवीन वर्षही इथे हौशी माणसाला दोनदा साजरं करता येतं, फक्त क्रम चुकवायचा नाही: आधी फिनलंड, मग स्वीडन.

इथून एक दक्षिणोत्तर रेषाही जाते, तिची गोष्ट थोडक्यात. १७३६ मध्ये मोपेर्तुई हा फ्रेंच गणिती पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे का हे तपासायला इथे आला आणि टोर्निओच्या चर्चच्या मनोऱ्यापासून उत्तरेकडे मापं घेत गेला. पुढे स्त्रूव्हे या खगोलशास्त्रज्ञाने हॅमरफेस्ट ते काळ्या समुद्राजवळपर्यंत २,८०० किलोमीटरांहून लांब रेषा मोजली, तीही इथूनच गेली. त्या रेषेवर सगळीकडे माध्यान्ह थोड्या मिनिटांच्याच फरकाने होते. तरीही हिवाळ्यात तिच्यावरच्या देशांत तीन वेगळ्या वेळा असतात, कारण नॉर्वे आणि स्वीडन एक तास पुढे, फिनलंड आणि युक्रेन दोन, तर बेलारूस तीन.

तासाचं हे अंतर घड्याळं बदलतानाही ढळत नाही. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये स्वीडन आणि फिनलंड आपले काटे एकाच क्षणी सरकवतात, स्थानिक वेळेनुसार मार्चमध्ये स्वीडन रात्री दोनला आणि फिनलंड तीनला, ऑक्टोबरमध्ये स्वीडन तीनला आणि फिनलंड चारला, म्हणून मध्ये घोळ होत नाही. मात्र २०१९ मध्ये युरोपीय संसदेने हा दर वर्षीचा काटेबदल बंद करण्याच्या बाजूने मत दिलं. सरकारांचं अजून एकमत झालेलं नाही. झालं तर प्रत्येक देशाने आपली कायमची वेळ निवडायची. स्वीडनने उन्हाळी आणि फिनलंडने हिवाळी घेतली, तर दोघंही ग्रिनिचच्या दोन तास पुढे येतील आणि इथली वेळेची सीमा एका रात्रीत नाहीशी होईल. स्वीडनने हिवाळी आणि फिनलंडने उन्हाळी घेतली, तर एक देश एक तास पुढे राहील, दुसरा तीन तास, आणि त्याच पंधरा मिनिटांच्या वाटेवर दोन तास उडून जातील.