केप, कंठ आणि काया

1952 साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा जॉर्ज रीव्हज या नटाच्या अंगावरचा सुपरमॅनचा पोशाख निळा-लाल नव्हता, तो राखाडी आणि तपकिरी होता. मालिका कृष्णधवल होती. निळा आणि लाल हे रंग कृष्णधवल फिल्मवर जवळजवळ एकाच राखाडी छटेत उतरतात आणि मग छातीवरचे चिन्ह, केप, चड्डी सगळेच एकमेकांत मिसळून जाते. म्हणून डोळ्यांना जो फरक निळ्या-लालमध्ये दिसतो, तो फिल्मवर दिसावा यासाठी वेगळे रंग निवडले गेले. पुढे मालिका रंगीत फिल्मवर चित्रित होऊ लागली आणि ओळखीचे रंग परत आले. पण अडचण संपली नव्हती. 1978च्या ‘सुपरमॅन’मध्ये उडण्याच्या काही दृश्यांसाठी निळ्या पडद्यासमोर चित्रण करायचे होते आणि या तंत्रात निळा रंग तेवढा गाळला जातो; म्हणजे नायकाचे धडच गायब व्हायचे. त्यावर तोड म्हणून त्या दृश्यांपुरता पोशाख हिरवट झाक असलेल्या निळ्या कापडाचा शिवला गेला. सुपरमॅन पडद्यावर निळा दिसावा म्हणून त्याला निळ्यापासून दूर न्यावे लागले. कॉमिकमधला नायक पडद्यावर आणणे म्हणजे काय, हे या दोन उदाहरणांतून जितके स्वच्छ कळते तितके कुठल्याही सिद्धान्तातून कळत नाही.

माझे म्हणणे असे, की सुपरहिरोच्या रूपांतराबद्दल आपण चुकीचा प्रश्न विचारत आलो आहोत. ‘मूळ चित्रासारखा दिसतो का?’ हा तो प्रश्न. खरे तर विचारायला हवे, की कागदावरच्या रेषेने जे काम केले ते पडद्यावर कोण करणार? जो शुस्टरने 1938 साली प्रसिद्ध झालेला सुपरमॅन रेखाटला तेव्हा सर्कशीतल्या पहिलवानांचा वेष त्याच्यापुढे होता. पण कागदावर त्या वेषाला ना शिवण होती, ना चुणी, ना घामाचा डाग. तो पोशाख म्हणजे उघड्या शरीरावर भरलेला रंगच होता. छातीपासून पोटरीपर्यंत सलग निळाई पसरू नये म्हणून मध्ये लाल चड्डी होती. माणूस वेगात आहे हे स्थिर चित्रात कळावे म्हणून मागे फडकणारी केप होती. ताकद, वेग, स्वभाव, दुहेरी ओळख हे सगळे एकट्या रेषेने सांभाळले. पडद्यावर तेच काम कापड, आवाज आणि शरीर या तिघांत वाटून द्यावे लागते. त्यातल्या एकाने जरुरीपेक्षा जास्त भार उचलला, की उरलेले दोघे निकामी होतात. गेल्या ऐंशी वर्षांतले यश-अपयश या वाटणीच्या हिशेबाने पाहिले तर बरेच उलगडते.

आवाजापासून सुरुवात करतो, कारण त्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते. 1940 साली सुपरमॅन रेडिओवर आला. तिथे ना कापड ना काया. बड कॉलियर या नटाने सुपरमॅनचे रोजचे, सामान्य रूप असलेल्या क्लार्क केंटसाठी वरच्या पट्टीतला, जरा बुजरा आवाज ठेवला आणि बोलता बोलता एकाच वाक्यात तो खाली उतरवून सुपरमॅन उभा केला. वेषांतर दिसत नव्हते, ते ऐकू येत होते. क्रिस्टोफर रीव्हने 1978मध्ये हाच धागा शरीरापर्यंत नेला. क्लार्कची सहकारी लोइस लेन हिच्या घरातला तो प्रसंग आठवून पाहा. लोइस आवरायला आत गेली आहे, क्लार्क बाहेर एकटा उभा आहे. तो चष्मा काढतो. पाठीचा बाक जातो, खांदे रुंदावतात, मान वर येते, माणूस एकदम उंच वाटू लागतो. तोंड उघडतो तर आवाजही खाली उतरलेला. खरे सांगून टाकावे असे त्याच्या मनात येते, आणि पुढच्याच क्षणी धीर सुटतो. चष्मा परत नाकावर, खांदे पडलेले, आवाज पुन्हा चिरका. हे सगळे घडते तेव्हा त्याच्या अंगावर साधा कोट-पँट आहे. एका चष्म्याने माणूस ओळखू कसा येत नाही, या आक्षेपाला या काही सेकंदांइतके पटणारे उत्तर आजवर कुणी दिलेले नाही.

रीव्ह भूमिकेसाठी निवडला गेला तेव्हा सडपातळ होता. पोशाखाखाली कृत्रिम स्नायूंची गादी घालावी असा विचार पुढे आला, तो त्याने नाकारला. डेव्हिड प्राउज या इंग्लिश भारोत्तोलकाकडे त्याने तालीम केली आणि बारा-चौदा किलो वजन वाढवले. (‘स्टार वॉर्स’मध्ये डार्थ व्हेडरच्या काळ्या पोशाखातला देह याच प्राउजचा, आवाज मात्र जेम्स अर्ल जोन्सचा. एका पात्रासाठी काया एकाची आणि कंठ दुसऱ्याचा, हा प्रयोगही त्याच वर्षांतला.) वेशभूषाकार इव्हॉन ब्लेक यांना त्यामुळे साधे, ताणले जाणारे, अंगाबरोबर हलणारे कापड वापरता आले. शरीराने आपला वाटा उचलला, म्हणून कापडाला कापडच राहता आले.

याच्या बरोबर उलट वाट टिम बर्टनच्या 1989च्या ‘बॅटमॅन’ने धरली. मायकेल कीटनची निवड जाहीर झाल्यावर चाहत्यांनी स्टुडिओकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पाडला होता. हा विनोदी भूमिका करणारा, मध्यम बांध्याचा नट बॅटमॅन कसा होणार, ही तक्रार. वेशभूषाकार बॉब रिंगवूड यांनी फोम लेटेक्सचा काळा पोशाख घडवला, त्यात छाती-पोटाचे स्नायू आधीच कोरलेले. शरीराचे काम रबराने घेतले. किंमतही लगेच मोजावी लागली: मुखवटा आणि मान सलग असल्यामुळे कीटनला डोके वळवता येईना. बाजूला पाहायचे तर कमरेपासून अख्खे धड फिरवावे लागे. कानांवरच्या जाड थरामुळे नीट ऐकूही येत नसे.

इथे माझ्या मुद्द्यावर रास्त आक्षेप येतो. तो पोशाख इतका अडचणीचा होता, तरी चित्रपट गाजला आणि कीटनचा बॅटमॅन आजही अनेकांना सर्वोत्तम वाटतो. मग वाटणी बिघडली असे कसे म्हणायचे? उत्तर कीटनच्या अभिनयात आहे. हलता येत नाही हे कळल्यावर त्याने न हलण्यालाच स्वभाव केले. मुखवट्यातून दिसणारे डोळे आणि जेमतेम ओठ, एवढ्याच गोष्टी त्याच्या हातात होत्या. आवाज चढवण्याऐवजी त्याने तो कुजबुजीपर्यंत खाली आणला. शिवाय बर्टनचे गॉथम शहर नाटकाच्या नेपथ्यासारखे अंधारे आणि उंच होते, त्यात पुतळ्यासारखा उभा माणूस शोभला. म्हणजे वाटणी बिघडली नाही, नटाने ती नव्याने केली. मारामारीच्या दृश्यांत मात्र रबर काही लपले नाही. ही खोड इतकी जुनी, की 2008च्या ‘द डार्क नाइट’मध्ये ती थेट कथेत आली: बॅटमॅन, म्हणजे ब्रूस वेन, आपल्या तंत्रज्ञाकडे मान वळवता येईल असा पोशाख मागतो. वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांनी जाळीदार कापडावर शंभराहून अधिक सुटे तुकडे बसवून तो तयार केला आणि मुखवटा मानेपासून वेगळा केला.

गंमत अशी, की कापडाला मोकळीक मिळाली आणि भार आवाजावर येऊन पडला. इथे बॅटमॅन झालेल्या ख्रिश्चन बेलने मुखवट्यामागे घोगरा, गुरगुरता आवाज लावला, त्याच्या दुसऱ्या बॅटमॅनपटात, म्हणजे ‘द डार्क नाइट’मध्ये, तो ध्वनिमिश्रणात आणखी जाड केला गेला. छोट्या धमकीच्या वाक्यांना तो शोभतो. पण शेवटाकडे बॅटमॅनला न्याय, दोष, त्याग यांबद्दल लांब बोलायचे असते. तिथे शब्द ऐकण्यापेक्षा घशाची काळजी वाटू लागते. पुढच्या चित्रपटात टॉम हार्डीने साकारलेल्या खलनायक बेनचे तोंड मुखवट्याने पूर्ण झाकलेले होते. 2011च्या डिसेंबरात चित्रपटाचा सुरुवातीचा भाग आयमॅक्स चित्रगृहांत दाखवला गेला, तेव्हा त्याचे बोलणे समजत नाही अशी ओरड झाली आणि अंतिम मिश्रणात ते स्वच्छ करावे लागले. 2016 साली बेन ॲफ्लेकच्या बॅटमॅनला आवाज बदलणारे यंत्रच दिले गेले. ही युक्ती मला प्रामाणिक वाटते. कथेत तिला कारण आहे आणि नटाचा घसा शब्दांसाठी मोकळा राहतो.

मुखवट्याचा प्रश्न स्पायडरमॅनच्या बाबतीत सर्वांत अवघड. बॅटमॅनचे निदान तोंड दिसते. इथे काहीच नाही. कॉमिकमध्ये स्टीव्ह डिटको आणि नंतरचे चित्रकार मुखवट्याच्या पांढऱ्या डोळ्यांचा आकारच चौकटीगणिक बदलत. आश्चर्य वाटले की मोठे, राग आला की बारीक. 2002च्या चित्रपटात जेम्स ॲचिसन यांचा पोशाख देखणा होता, जाळ्याच्या रेषा उठावदार होत्या, पण डोळे स्थिर राहिले. त्यामुळे छपरावर स्पायडरमॅन आणि खलनायक ग्रीन गॉब्लिन समोरासमोर बोलतात तेव्हा दोन शिरस्त्राणांचा संवाद चालल्यासारखे वाटते. 2016च्या ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’मध्ये या डोळ्यांना कॅमेऱ्याच्या झडपेसारखी उघडझाप मिळाली आणि रेषेचे हरवलेले काम परत आले. ‘आयर्न मॅन’ने 2008मध्ये वेगळा तोडगा काढला होता: कॅमेराच शिरस्त्राणाच्या आत नेला आणि लोखंडी चेहऱ्याऐवजी रॉबर्ट डाउनी ज्युनिअरचा चेहरा दाखवला.

संगणकाने आता सगळेच शक्य झाले, मग कापड आणि शरीर यांची चिंता कशाला, असे कुणी म्हणेल. रायन रेनॉल्ड्सच्या दोन भूमिका शेजारी ठेवाव्यात. 2011च्या ‘ग्रीन लँटर्न’मध्ये त्याचा पोशाख संपूर्ण संगणकावर तयार झाला, तो अंगावर बसलेला कधी वाटलाच नाही, डोके एकीकडे आणि धड दुसरीकडे असे दिसत राहिले. 2016च्या ‘डेडपूल’मध्ये पोशाख खरा होता, त्याला चुण्या पडत होत्या, मळ लागत होता. मुखवट्याच्या डोळ्यांचे हावभाव तेवढे नंतर संगणकाने घातले. पहिल्यात यंत्राने सगळ्यांचे काम हिसकावून घेतले, दुसऱ्यात जे कापडाला जमणार नव्हते तेवढेच केले.

शरीराची गोष्ट मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चिंतेची झाली आहे. कॉमिकमधला वुल्व्हरीन बुटका, सव्वापाच फुटांचा. ह्यू जॅकमन सहा फुटांहून उंच. 2000 साली ‘एक्स-मेन’मध्ये त्याने उंचीतली तफावत चालण्या-वागण्यातल्या अस्वस्थपणाने भरून काढली आणि उंची कुणाला खटकली नाही. नंतरच्या चित्रपटांत मात्र एकेक स्नायू आणि शीर दिसावी म्हणून उघड्या अंगाच्या दृश्याआधी सुमारे दीड दिवस पाणी बंद ठेवण्यापर्यंत मजल गेली. हे त्याने स्वतःच सांगितले आहे. यातून ताकद दिसते असे मला वाटत नाही. तहानलेले शरीर दिसते, आणि त्यालाच आदर्श मानून व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांना त्यामागचे प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, प्रकाशयोजना आणि मोजून निवडलेला चित्रणाचा तास दिसत नाही. कुमेल नांजियानीने ‘इटर्नल्स’साठी कमावलेल्या शरीराची छायाचित्रे 2019 साली प्रसिद्ध केली, तेव्हा स्टुडिओचा पैसा आणि वेळ पाठीशी नसता तर हे जमले नसते असे मोकळेपणाने लिहिले. असा खुलासा प्रत्येक नटाने करावा, इतका तो गरजेचा आहे. आणखी एक उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. 2011च्या पहिल्या ‘कॅप्टन अमेरिका’त पिळदार ख्रिस इव्हान्स खरा होता, सुरुवातीचा किडकिडीत स्टीव्ह रॉजर्स बहुतांश दृश्यांत संगणकाने त्याचेच शरीर आक्रसून बनवला होता. असामान्य शरीर आधीच तयार होते, सामान्य शरीर मात्र कृत्रिमरीत्या घडवावे लागले.

दुसरा मोठा आक्षेप रंगांबद्दलचा. भडक रंगांचे घट्ट कपडे आजच्या कॅमेऱ्यापुढे हास्यास्पद दिसतात, म्हणून काळे चामडे, चिलखत, खडबडीत पोत हवा. ‘एक्स-मेन’ने तेच केले आणि पिवळ्या पोशाखाची एका संवादात थट्टाही केली. 2013च्या ‘मॅन ऑफ स्टील’ने सुपरमॅनची चड्डी काढून टाकली आणि निळा रंग काळवंडवला. त्या काळी हे समजण्यासारखे होते. 1997च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’नंतर सगळ्यांनाच हसे होण्याची धास्ती होती. पण धास्तीतून घेतलेला निर्णय फार टिकत नाही. 2024मध्ये जॅकमनने पिवळा पोशाख घातला, प्रेक्षकांनी जल्लोष केला. 2025च्या ‘सुपरमॅन’मध्ये लाल चड्डी परतली. दिग्दर्शक जेम्स गन तिच्याबद्दल साशंक होते. सुपरमॅन झालेल्या डेव्हिड कोरेन्स्वेटने त्यांना पटवले, की आकाशातून येणाऱ्या या बलाढ्य परक्याला मुलांनी घाबरू नये, म्हणून त्याने असेच काही घालायला हवे. मला हे कारण मोलाचे वाटते. त्याने मूळ चित्राचा दाखला दिला नाही, तो कपडा काय काम करतो ते सांगितले.

आवाजातही असाच निर्णय चॅडविक बोजमनने घेतला. ‘ब्लॅक पँथर’चा वाकांडा हा कधीच युरोपीय सत्तेखाली न गेलेला देश, मग त्याचा राजा टीचाला ब्रिटिश किंवा अमेरिकी वळणाचे इंग्रजी का बोलेल? पित्याची भूमिका करणारे दक्षिण आफ्रिकी नट जॉन कानी यांची मातृभाषा खोसा. बोजमनने ती शिकून घेतली आणि उच्चारांचे वळण तिच्यावर बेतले. रूथ कार्टर यांच्या पोशाखांना 2019 साली ऑस्कर मिळाले आणि ते योग्यच होते, पण मुखवटा उतरवल्यावरही टीचाला राजा वाटतो तो त्या उच्चारांमुळे. मराठी प्रेक्षकाला हा मुद्दा परका नाही. 2023मध्ये ‘स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती, आणि त्यातला भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून रचलेल्या मुंबॅटनचा रहिवासी आहे. 2004च्या कॉमिकमध्ये तो धोतर नेसून आला होता. चित्रपटात त्याच्या वेषाला आजच्या शहरी मुलाची चपळाई दिली गेली. ॲनिमेशन असल्यामुळे काया आणि कापड चित्रकारांनी एकदाच ठरवून टाकले. भाषेगणिक बदलणार होता तो कंठ. मुंबईच्या गल्ल्यांवरून झोके घेणारा हा मुलगा मराठीत कुठल्या भागातले, कुठल्या वयाचे मराठी बोलतो, धापा टाकताना त्याचे वाक्य कुठे तुटते, हे ठरवण्याचे काम डबिंग कलावंताच्या आणि संवाद लिहिणाऱ्याच्या वाट्याला येते, आणि आपल्याकडच्या परीक्षणांत त्याबद्दल क्वचितच एखादी ओळ सापडते.