वरणगावची मुलगी 'मुलींच्या कॉलेज'ला जाते म्हणजे नेमकं काय होतं? खान्देशातल्या महिला कॉलेजांचं गणित समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की वरणगावच्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. पोरीला पुढं कुठं टाकायचं? कुणी म्हणतं भुसावळ, कुणी म्हणतं जळगाव. आणि मग घरातलं कुणीतरी मोठं माणूस ठरलेलं वाक्य बोलतं, "मुलींचंच कॉलेज बघा, म्हणजे टेन्शन नाही."

या वाक्यामुळं अनेक मुलींचं शिक्षण थांबता थांबता वाचलंय. पण याच वाक्यामुळं एक गैरसमजही तयार झालाय. मुलींचं कॉलेज म्हणजे घर ते वर्ग आणि वर्ग ते घर, सगळ्या एकसारख्या मुली आणि कॉलेज लाईफ शून्य, असं अनेकांना वाटतं.

प्रत्यक्षात चित्र बरंच वेगळं आहे. ते समजून घ्यायचं तर आधी हा भाग बघावा लागतो.

एका तालुक्यात किती जग?

वरणगाव भुसावळ तालुक्यात येतं. इथली ऑर्डनन्स फॅक्टरी 1964 सालची. बंदुकीच्या गोळ्या बनवणारी ही फॅक्टरी ऑक्टोबर 2021 पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. फॅक्टरी आली तशी देशाच्या वेगवेगळ्या भागांतली कुटुंबं इथल्या क्वार्टर्समध्ये राहायला आली.

शेजारचं भुसावळ म्हणजे रेल्वेचं मोठं जंक्शन. तिथं रेल्वेच्या नोकरीमुळं तेलुगू, तमिळ, हिंदी बोलणारी घरं पिढ्यान्पिढ्या आहेत. भुसावळचीही स्वतःची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे आणि जवळच दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे.

आजूबाजूच्या गावांत लेवा पाटील, मराठा, गुजर, कोळी, माळी, बौद्ध, बंजारा, मुस्लिम अशी सगळी वस्ती. यावल-रावेरकडं सातपुड्याच्या पायथ्याला तडवी आणि पावरा आदिवासींची गावं. भाषा मोजायच्या तर लेवा गणबोली, तावडी, अहिराणी, गुजरी, गोरमाटी, पावरी, उर्दू, हिंदी. प्रमाण मराठी ही त्यातल्या अनेकींसाठी शाळेत शिकलेली भाषा.

भुसावळमध्ये श्रीमती प. क. कोटेचा महिला महाविद्यालय आहे, तर जळगावमध्ये डॉ. अण्णासाहेब जी. डी. बेंडाळे महिला महाविद्यालय. अशा कॉलेजांकडं येणारा रस्ता या सगळ्या वस्त्यांमधून जातो.

मग मुलींच्या कॉलेजात विविधता जास्त कशी?

ऐकायला उलटं वाटेल, पण कारण सोपं आहे. ज्या घरांतून मुलगी को-एड कॉलेजला पाठवली जात नाही, ती घरं फक्त एका जातीची किंवा एका धर्माची नसतात. शेतकरी कुटुंब, फॅक्टरी कामगाराचं कुटुंब, बुरखा वापरणारं कुटुंब, व्यापारी कुटुंब, पहिल्यांदाच मुलीला गावाबाहेर पाठवणारं आदिवासी कुटुंब. यांचं बाकी कशावर एकमत नसेल, पण 'मुलींचं कॉलेज चालेल' यावर होतं.

त्यामुळं ज्या मुली एरवी एकमेकींच्या गल्लीतही गेल्या नसत्या, त्या एका बाकावर येतात.

ही गोष्ट नेहमीच अशी नव्हती. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा शिकायला येणं हीच बंडखोरी होती. पुढं 1916 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून त्यांना ही कल्पना सुचली होती. सुरुवात झाली फक्त 5 विद्यार्थिनींवर. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावानं ते एस.एन.डी.टी. झालं. मात्र त्या काळात उच्च शिक्षणापर्यंत पोचणाऱ्या मुली बहुतेक शहरी, उच्चवर्णीय घरांतल्याच होत्या.

आज शेतमजुराची मुलगीही कॉलेजच्या हजेरीपटावर दिसते, हा बदल मोठा आहे. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 2.07 कोटी मुली उच्च शिक्षण घेत होत्या. 18 ते 23 वयोगटाचा विचार केला तर मुलींचं नोंदणी प्रमाण 28.5 आणि मुलांचं 28.3 होतं, म्हणजे मुली किंचित पुढं. याच अहवालात फक्त मुलींसाठी असलेली 4,470 कॉलेजं नोंदवली आहेत.

अमेरिकेत मात्र उलटा प्रवास झाला. 1960 च्या आसपास तिथं महिलांची दोनशेहून जास्त कॉलेजं होती, ती आता चाळीसच्याही खाली आली आहेत. मोठी विद्यापीठं मुलींना घेऊ लागली आणि वेगळ्या कॉलेजांची गरज कमी वाटू लागली. आपल्याकडं ही गरज संपलेली नाही, कारण प्रश्न प्रवेश मिळण्याइतकाच घरातून परवानगी मिळण्याचाही आहे.

एका वर्गात बसल्या म्हणजे मैत्रिणी झाल्या का?

इथं खरी मेख आहे. हजेरीपटावर विविधता असली तरी ती डब्याच्या वेळी दिसेलच असं नाही.

सुरुवातीचे काही महिने गट पडतात ते बहुतेक गावावरून. वरणगावच्या बसच्या मुली एकीकडं, यावलच्या बसच्या दुसरीकडं. उर्दू माध्यमातून आलेल्या वेगळ्या, क्वार्टर्समधल्या हिंदी बोलणाऱ्या वेगळ्या. डब्यात कुणाकडं कळण्याची भाकरी आणि भरीत, कुणाकडं इडली. काहींच्या घरून कुणाचं काय खायचं नाही याच्या सूचना आलेल्या असतात. बोलीचा न्यूनगंडही असतो. वर्गात उत्तर येत असूनही 'आपली भाषा गावठी वाटेल' म्हणून गप्प बसणाऱ्या मुली कमी नाहीत.

गंमत म्हणजे ही कॉलेजं ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याचं नावच बहिणाबाई चौधरींचं आहे. 1990 मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 मध्ये हे नाव मिळालं. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्यांची कविता याच मातीतल्या बोलीत आहे. ज्या बोलीला विद्यापीठाच्या पाटीवर मान आहे, तिच्यात बोलायला त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी लाजते.

गट कुठं फुटतात?

ज्या कामात एकटीला भागत नाही, तिथं.

एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिर हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. स्वयंपाकाची पाळी, झाडलोट, रात्री एकाच खोलीत झोपणं. सात दिवस कुणाची भाकरी कुणी थापली हे बघत बसायला वेळ नसतो. एन.सी.सी., कबड्डी-खो-खोचा संघ, गॅदरिंगचा नाच, विद्यापीठाचा 'युवारंग' महोत्सव इथंही तेच घडतं. संघ निवडताना गाव बघून चालत नाही.

आणखी एक फरक. इथं वर्गाची प्रतिनिधी, संघाची कॅप्टन, स्टेजवरची निवेदक आणि मंडप घालणाऱ्याशी भाव करणारी, सगळ्या मुलीच. 'हे मुलं करतील' म्हणायची सोय नसते. त्यामुळं घरी कधीच न बोललेली मुलगी इथं माईक हातात घेते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता एन.एस.एस., एन.सी.सी., खेळ, सांस्कृतिक उपक्रम यांना पदवीत क्रेडिट मिळतात. म्हणजे घरी सांगायला एक भक्कम कारणही मिळालं आहे, "मार्क आहेत त्याला."

पण शेवटची बस?

खान्देशातल्या कॉलेज लाईफचा खरा प्रिन्सिपॉल म्हणजे एस.टी.चं वेळापत्रक. सराव पाचला संपणार आणि गावाची सोयीची बस साडेचारला असेल, तर ती मुलगी संघात नसते. बाहेरगावच्या मुली गळाल्या की गॅदरिंगमध्ये शहरातल्याच मुली उरतात. म्हणजे विविधता कमी होते ती अनेकदा कुणी मुद्दाम वगळल्यामुळं नाही, तर वेळेमुळं.

प्रवासाचा खर्चही असतो. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एस.टी.चा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो. कॉलेजला गेल्यावर विद्यार्थी मासिक पास काढावा लागतो, त्यात 66.67 टक्के सवलत आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, पण रोजच्या प्रवासाला पासच स्वस्त पडतो.

हॉस्टेल न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या वेगवेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. प्रत्येकीचे निकष वेगळे आहेत, त्यामुळं प्रवेश घेतानाच चौकशी केलेली बरी.

तिसरी अडचण बोलून न दाखवण्याची. दुसऱ्या वर्षाला आलेलं स्थळ. लग्न ठरलं की आधी कॉलेज सुटत नाही, आधी सुटतं ते शिबिर, मग सहल, मग हजेरी.

मग कॉलेज निवडताना काय विचारायचं?

'मुलींचं आहे ना?' एवढ्यावर थांबू नका. प्रवेशाच्या वेळी हे पाच प्रश्न नक्की विचारा.

1. कॉलेज सुटण्याची वेळ आणि तुमच्या गावाच्या बसची वेळ जुळते का?
2. एन.एस.एस. किंवा एन.सी.सी. युनिट आहे का? बाहेरगावच्या मुलींसाठी सराव कधी असतो?
3. हॉस्टेल आहे का? नसेल तर योजनेचा अर्ज भरायला मदत कोण करतं?
4. अंतर्गत तक्रार समिती कोणती, तिच्या सदस्यांची नावं कुठं लावली आहेत? फक्त मुलींचं कॉलेज असलं तरी ही समिती बंधनकारक आहे.
5. उर्दू, हिंदी किंवा आश्रमशाळेतून आलेल्या मुलींना पहिल्या वर्षी भाषेसाठी काही मदत मिळते का?

आणि घरच्यांसाठी एक गोष्ट. पोरगी शिबिराला सात दिवस जाते म्हणाली तर 'मुलींचंच कॉलेज आहे' हे तुमचंच वाक्य आठवा. ते प्रवेशाच्या दिवशी चाललं, तर शिबिराच्या दिवशीही चालायला हवं.