तापमान-एककांचे रूपांतर, औद्योगिक
तापमान-एककांचे रूपांतर, औद्योगिक : यंत्रसामग्रीच्या विनिर्देशांत दिलेली तापमाने एका मापक्रमातून दुसऱ्या मापक्रमात व्यक्त करण्याची क्रिया. बाष्पित्रे, दाबपात्रे, विद्युत् चलित्रे, तपयुग्मे इत्यादींच्या विनिर्देशांत अंश हे एकक तीन प्रकारे येते : (१) प्रत्यक्ष तापमान, (२) दोन तापमानांतील फरक आणि (३) गुणांकातील ‘दर अंशास’ हे पद. या तिन्हींच्या रूपांतराचे नियम भिन्न आहेत.

मापक्रम : फॅरेनहाइट मापक्रमात पाण्याचा गोठणबिंदू ३२° व उकळबिंदू २१२°, तर सेल्सिअस मापक्रमात ते अनुक्रमे ०° व १००° असतात. म्हणजे १८० फॅरेनहाइट अंश १०० सेल्सिअस अंशांबरोबर असून दोहोंचे शून्यांकही निराळे आहेत. त्यामुळे प्रत्यक्ष तापमानासाठी से. = (फॅ. − ३२) × ५/९ हे सूत्र वापरतात. केल्व्हिन मापक्रमाचा अंश सेल्सिअस अंशाएवढाच असून के. = से. + २७३·१५ असते.

भारतात मेट्रिक पद्धतीचा अंमल १९५६ च्या अधिनियमानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. परंतु परदेशी सामग्रीबरोबर जुनी एककेही येत राहिली. पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) सालवड, बोईसर, तारापूर हा परिसर याचे चांगले उदाहरण होय. येथील अणुवीज केंद्राचे पहिले दोन उकळत्या पाण्याचे विक्रियक जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने उभारले व १९६९ मध्ये ते कार्यान्वित झाले. तत्कालीन अमेरिकन अभियांत्रिकीत फॅरेनहाइट अंश व दर चौ. इंचास पौंड ही एकके रूढ होती. अशा विक्रियकात वाफेचा दाब दर चौ. इंचास सु. १,००० पौंड असतो. या दाबास पाणी सु. ५४५° फॅ. म्हणजेच २८५° से. तापमानास उकळते. याच परिसरातील औद्योगिक वसाहतीतील रासायनिक व पोलाद कारखान्यांतही बाष्पित्रे, भट्ट्या व चलित्रे यांच्या संदर्भात हे रूपांतर उपयोगी पडते.

तापमानातील फरक : फरक काढताना दोन्ही तापमानांतील ३२ परस्परांत वजा होतात, म्हणून येथे केवळ ५/९ ने गुणावयाचे असते. तपयुग्माची अनुज्ञेय त्रुटी ±४° फॅ. असल्यास ती ±२·२° से. होते, संपूर्ण सूत्र वापरल्यास −१५·६ हे निरर्थक उत्तर येते. येथे चूक उघड दिसते, पण नेहमीच तशी दिसत नाही. ‘ब’ वर्गाच्या निरोधनाच्या चलित्रात ४०° से. परिसर-तापमानावर ८०° से. तापमानवाढ सामान्यतः अनुज्ञेय असते. ही वाढ १४४° फॅ. होय. ३२ मिळवून ती १७६° फॅ. लिहिल्यास प्रत्यक्षात सु. ९८° से. वाढीस मुभा मिळते. तापमान दर सु. १०° से. ने वाढल्यास निरोधनाचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा आहे. त्यानुसार या एका चुकीने ते तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होईल.

गुणांक : ‘दर अंशास’ हे पद छेदात असल्याने फॅरेनहाइटमधील गुणांक सेल्सिअसमध्ये आणताना १·८ ने गुणावा लागतो. पोलादाचा रेखीय प्रसरण गुणांक दर फॅरेनहाइट अंशास सु. ६·५ × १०⁻⁶, म्हणजे दर सेल्सिअस अंशास सु. ११·७ × १०⁻⁶ असतो. ३० मी. लांबीची वाफनलिका ३०° से. पासून २८५° से. पर्यंत तापल्यास या गुणांकानुसार सु. ९ सेंमी. लांबते. गुणांक न बदलता गणित केल्यास ५ सेंमी. हेच उत्तर येते. तेवढीच मोकळीक ठेवलेली नलिका आधारांवर व जोडांवर घातक ताण आणते.

पूर्णांकन : रूपांतरित आकडा सुरक्षित बाजूकडे वळवितात. ६५०° फॅ. ही कमाल मर्यादा ३४३·३° से. होते, ती ३४३° से. लिहितात, ३४५° से. नव्हे. याउलट थंडीत धातू ठिसूळ होऊ नये म्हणून दिलेली २०° फॅ. (−६·७° से.) ही किमान मर्यादा −६° से. अशी लिहिणे इष्ट असते. विनिर्देशात मूळ आकडा व एकक कंसात कायम ठेवल्यास पुढील तपासणी सुलभ होते. तसेच आकडा तापमानाचा आहे की फरकाचा, हे शब्दांत नमूद केल्यास संदिग्धता राहत नाही.