मैदानामागची मेहनत – लेखांक ६ : उडीच्या आधीचे काम

शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा डाव मांडताना एक रीत ठरून गेली आहे. चपळ मुले पुढे धावतात, दणकट मुले मागे थांबतात आणि जो उरतो त्याला गोलमध्ये उभे करतात. ही वाटणी करणाऱ्यांचे गणित सरळ असते: गोलकीपरला धावायचे नसते, चेंडू आला तर उडी मारायची असते आणि उडी जमली तर जमली. गेल्या लेखांकात आपण मधल्या फळीतल्या खेळाडूचे कष्ट पाहिले. तो एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर धावतो. गोलकीपर साधारण त्याच्या निम्मे अंतर कापतो आणि नव्वद मिनिटांत त्याला खरोखर अडवावे लागणारे फटके बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात. मग व्यावसायिक संघातला गोलकीपर आठवडाभर रोज मैदानात कशासाठी राबतो? माझे म्हणणे असे आहे की, आपल्याला दिसते ती उडी हा त्याच्या कामाचा शेवटचा आणि सर्वांत छोटा तुकडा आहे. गोल वाचतो तो बहुतेक वेळा उडीच्या आधी. हे पटले, तर इंझोरीसारख्या गावातल्या शाळेने गोलमध्ये कोणाला उभे करायचे आणि त्याला काय शिकवायचे, याचा विचार मुळापासून बदलावा लागेल.

सुरुवात मोजमापाने करू. गोलची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात पार करतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर शरीर हलायला सुरुवात व्हायलाच सुमारे ०.२ सेकंद जातात आणि उरलेल्या वेळात पोस्टपर्यंत पोहोचणे कोणत्याही माणसाला अशक्य आहे. म्हणजे चेंडू निघाल्यावर उडी मारणारा गोलकीपर कोपऱ्यातल्या चांगल्या फटक्यापुढे आधीच हरलेला असतो. त्याला मारणाऱ्याची धाव, टेकलेल्या पायाची दिशा आणि कमरेचा कल वाचून चेंडू निघण्याच्या क्षणीच निर्णय घ्यावा लागतो. चालू खेळात त्याच्या हाती आणखी एक साधन असते, ते म्हणजे जागा. समोरून ११ मीटरवर आघाडीचा खेळाडू चेंडू घेऊन आला आहे असे धरा. गोलकीपर रेषेवरच थांबला तर त्याला दोन्ही बाजूंना ३.६६ मीटर राखायचे असतात. तोच चार मीटर पुढे आला, तर चेंडूपासून दोन्ही पोस्टकडे जाणाऱ्या रेषांमधले अंतर तिथे सुमारे ४.६६ मीटर उरते, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम २.३३ मीटर. ज्या फटक्यासाठी झेप घ्यावी लागली असती तो एका पावलात हाताशी येतो. पण फार पुढे आला, तर डोक्यावरून उचललेला चेंडू मागे गोलमध्ये पडतो. किती पुढे यायचे, कधी यायचे आणि कधी पाय रोवून थांबायचे, हा निर्णय म्हणजेच गोलकीपरचा धंदा. प्रेक्षकांना तो दिसत नाही, कारण तो बरोबर असला की फटका सरळ अंगावर येतो आणि काम सोपे वाटते.

हे निर्णय अंगात मुरावेत म्हणून त्याचा दिवस आखलेला असतो. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी हलका व्यायाम आणि शरीराची दुरुस्ती, मग विश्रांती, आठवड्याच्या मध्यावर सर्वांत जड सराव आणि सामन्याच्या आदल्या दिवशी थोडक्यात उजळणी, असा व्यावसायिक संघांचा सर्वसाधारण क्रम. आपल्याकडे उन्हामुळे सराव बहुधा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी होतो. बाकीचा संघ मैदानात उतरण्याआधी गोलकीपर त्यांच्या वेगळ्या प्रशिक्षकाबरोबर कामाला लागलेले असतात. आधी घोटे, कंबर आणि खांदे मोकळे करायचे, रबरी पट्ट्यांनी खांद्याचे छोटे स्नायू जागे करायचे, मग हातकाम. छातीच्या वर आलेल्या चेंडूमागे दोन्ही अंगठे जवळ आणि बोटे पसरलेली, खाली आलेल्या चेंडूला करंगळ्या जुळवून ओंजळ. हे पकडणे शेकडो वेळा, हळू चेंडूवर. मग पाऊलकाम: पाय न जुळवता बाजूला सरकायचे आणि समोरचा माणूस चेंडू मारायच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर, वजन चवड्यांवर, हात कमरेपुढे. या स्थितीत वेळेवर पोहोचणे हाच निम्मा सराव.

उडी त्यानंतर येते आणि तीही उडीने सुरू होत नाही, पडण्याने सुरू होते. नवख्याला आधी गुडघ्यांवर बसवतात, मग उकिडवा आणि शेवटी उभा करतात. उजवीकडे जायचे तर उजवे पाऊल सरळ बाजूला नाही, तर तिरके पुढे पडते, म्हणजे शरीर चेंडूकडे जाते, चेंडूपासून मागे पडत नाही. जमिनीला आधी पोटरीची बाजू लागते, मग मांडी, कंबर, बरगड्यांची बाजू आणि शेवटी खांदा. कोपर कधीच टेकायचे नाही, कारण कोपर टेकले की चेंडू सुटतो आणि खांदाही दुखावतो. चेंडू हातात आल्यावर एक हात त्याच्या मागे, दुसरा वर आणि तिसरा आधार खुद्द जमिनीचा. ज्याला असे पडता येते तो पडायला भीत नाही आणि जो भीत नाही तोच शेवटच्या क्षणापर्यंत उभा राहून वाट पाहू शकतो. धाडस म्हणून जे आपण वाखाणतो त्याचा मोठा भाग असा घडवलेला असतो.

हातांइतकेच काम आता पायांना आले आहे. 1992 मध्ये नियम बदलला आणि सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घेणे बंद झाले. तेव्हापासून दडपणाखाली चेंडू थांबवून दोन्ही पायांनी अचूक पास देणे त्याच्या रोजच्या सरावात शिरले. 2025 पासून चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो, म्हणजे पुढचा पास कुठे द्यायचा हे चेंडू पकडण्याआधीच ठरलेले हवे. त्यातच बोलण्याचे काम येते. सगळे मैदान समोर दिसणारा संघात तो एकटाच असतो. कोण मोकळा सुटला, कोणी डावीकडे सरकायचे, क्रॉसला कोण जाणार हे त्याने ओरडून सांगायचे असते. दुपारी व्यायामशाळा, चित्रफितींवर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास आणि पुरेशी झोप. दिवस असा संपतो आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ तोच पुन्हा सुरू होतो.

गोल उडीच्या आधीच वाचतो याचा पुरावा लांब शोधायला नको, शेजारच्या गोव्यात आहे. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले, 1997 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि 2022 मध्ये पद्मश्री. 1983-84 च्या संतोष करंडकात गोव्याने एकही गोल न खाता विजेतेपद मिळवले, तेव्हा गोलमध्ये ते होते. एखाद्या सामन्यात गोल न खाणे झेपेच्या जोरावर जमू शकते. पूर्ण स्पर्धा तशी काढायची, तर फटका लागूच न देणारी बचावफळी लागते आणि ती फळी मागून लावणारा माणूस लागतो. दुसरे उदाहरण गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीचे. 20 मार्च 2022 रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स १-१ असे बरोबरीत राहिले. टायब्रेकरमध्ये कट्टीमनीने तिघांच्या पेनल्टी अडवल्या आणि हैदराबादने तो ३-१ असा जिंकला. त्यातली एक पेनल्टी त्याने अडवल्यावर, तो रेषा सोडून पुढे आल्यामुळे पुन्हा घ्यायला लावली गेली. फटका मारला जाताना निदान एका पायाचा काही भाग रेषेवर किंवा तिच्या मागे हवा, असा नियम आहे. तोच खेळाडू पुन्हा मारायला आला आणि कट्टीमनीने तो फटकाही अडवला. हातचे यश पंचांनी काढून घेतल्यावर चित्त ढळू न देता काही क्षणांत पुन्हा तेच करून दाखवणे, हे नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की पेनल्टी शेवटी अंदाजाचाच खेळ आहे. अंदाज आहेच, पण तो कसा घेतला जातो यात फरक पडतो. इस्रायलचे संशोधक मायकेल बार-एली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये वरिष्ठ पातळीवरच्या २८६ पेनल्टींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ ९४ टक्के वेळा गोलकीपरने डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतली होती. प्रत्यक्षात सुमारे २९ टक्के फटके मधोमध आले होते आणि जे थोडे गोलकीपर मध्येच थांबले त्यांनी तिसरा हिस्सा फटके अडवले. झेप घेणाऱ्यांचे यश त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. अर्थात सगळेच मध्ये थांबू लागले तर मारणारे कोपरे शोधतील, म्हणून हा आकडा कायमचा कानमंत्र नव्हे. त्यातून कळते ते वेगळेच. झेप घेऊन गोल झाला तर लोक 'प्रयत्न तरी केला' म्हणतात, उभे राहून झाला तर 'नुसता बघत राहिला' म्हणतात. न हलण्याचा निर्णय बरोबर असला तरी तो घ्यायला मन घट्ट लागते आणि ही घट्टाई सरावातूनच येते.

दुसरा आक्षेप उंचीचा आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. भारताचा गुरप्रीत सिंग संधू १.९७ मीटर उंच आहे. 10 सप्टेंबर 2019 रोजी दोह्यात, आशियाई विजेत्या कतारला भारताने गोलशून्य बरोबरीत रोखले, त्यात त्याचा सर्वांत मोठा वाटा होता. उंचावरून येणाऱ्या क्रॉसला आणि दूरच्या कोपऱ्याला उंची कामी येते, आजच्या वरच्या स्पर्धांमध्ये तर ती जवळजवळ अटच झाली आहे. पण फ्रान्सने 1998 चा विश्वचषक जिंकला तेव्हा गोलमधला फाबियन बार्तेझ जेमतेम १.८० मीटरचा होता. मुख्य म्हणजे बाराव्या वर्षी मुलाची अखेरची उंची दिसत नसते. त्या वयात उंचीवरून निवड केली, तर लवकर वाढलेला मुलगा मिळतो, चांगला गोलकीपर मिळेलच असे नाही. उंची कोण कुठवर जाईल हे ठरवू शकते, शिकवायचे कोणाला हे तिने ठरवू नये.

तिसरा आक्षेप आपल्या मातीचा आहे आणि तो सर्वांत जवळचा. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, शाळेचे मैदान दगडासारखे होते. हिरवळ नसताना मूल पडायला कसे शिकणार? कडक मैदानावर झेप घ्यायला लावू नये, हे खरेच. पण पडण्याची विद्या गावाला नवी नाही. कुस्तीच्या आखाड्यातली माती उकरून मऊ करतात ती पडणाऱ्याला लागू नये म्हणूनच. कबड्डीचे मैदानही माती चाळून तयार केले जाते आणि लांब उडीसाठी वाळूचा खड्डा असतो. गुडघ्यांवरून पडण्याचे पहिले धडे या तिन्ही ठिकाणी देता येतात आणि पकडणे, पाऊलकाम, कोन धरणे यांना तर मऊ जमीनही लागत नाही. कोल्हापुरात हे नाते नावातच दिसते. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ हे तिथले गाजलेले फुटबॉल संघ तालमींच्या नावाने खेळतात. विदर्भातही कामठी आणि नागपूरला फुटबॉलची जुनी परंपरा आहे. विजय बारसे यांनी 2001 पासून नागपूरच्या झोपडपट्ट्यांतली मुले जमवून 'स्लम सॉकर' उभे केले तेही उत्तम मैदानांची वाट न पाहता.

शेवटचा आक्षेप पोटाचा. एका संघात तीन-चार गोलकीपर असतात आणि खेळतो एकच. दुसरा-तिसरा आठवडाभर तितकाच घाम गाळून बाकावर बसतो. संघही टिकत नाहीत: महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, एफसी पुणे सिटी 2019 मध्ये आणि 2025-26 च्या हंगामात इंडियन सुपर लीगच वेळेवर सुरू होऊ शकली नाही. म्हणून गावातल्या मुलाला 'गोलकीपर हो, पोट भरेल' असे सांगणे अप्रामाणिक ठरेल, अभ्यास सोडून तर मुळीच सांगू नये. गोलकीपरची कारकीर्द मात्र इतरांपेक्षा लांब चालू शकते. इटलीच्या दिनो झॉफने चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून 1982 चा विश्वचषक उचलला. आणि व्यवसाय होवो न होवो, पुढचे ओळखणे, दडपणात थांबून निर्णय घेणे, चूक झाल्यावर पुढच्या चेंडूसाठी लगेच तयार होणे, हे ज्याला लहानपणी शिकवले जाते त्याचे नुकसान होत नाही.

तेव्हा इंझोरी-मानोरा परिसरातल्या क्रीडाशिक्षकांना सुचवावेसे वाटते ते एवढेच. गोलमध्ये उरलेला मुलगा उभा करू नका. जो खेळ पाहतो, बोलतो आणि चुकल्यावर खचत नाही असा मुलगा किंवा मुलगी निवडा. बाकीचे गोलवर फटके मारत असताना त्यांना नुसते उभे ठेवू नका, आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास वेगळा द्या: दहा मिनिटे पकडणे, दहा मिनिटे पाऊलकाम आणि कोन, दहा मिनिटे मऊ मातीत पडणे. कोन समजावायला दोन पोस्टना बांधून चेंडूपर्यंत ताणलेली एक दोरी पुरते. तिच्या आत उभे राहून मूल एक-एक पाऊल पुढे आले की दोन्ही हातांकडची मोकळी जागा कमी होताना त्याला स्वतःलाच दिसते. याला महागडे ग्लोव्हज लागत नाहीत, लागते ती शिकवणाऱ्याची खात्री की ही जागाही शिकवून तयार होते.

(पुढील आठवड्यात : पंचाची शिट्टी आणि तिच्यामागचा सराव)